सर्वेक्षणाचा माणूस दारी आला तर

शेतकऱ्याला हिशेब नवा नाही. रोपलावणीला किती बाया लागल्या, खताची किती पोती आणली, सोसायटीचे देणे किती राहिले, हे त्याला वहीत पाहून सांगावे लागत नाही. पण सरकारी सर्वेक्षणाचा माणूस अंगणात येऊन, "घरात महिन्याला तांदूळ किती लागतो, तेल किती, औषधपाण्याला किती गेले," असे विचारू लागला की तोच शेतकरी गप्प होतो. कोणी आतूनच सांगतात, "मालक घरी नाहीत." कोणी दार लावून घेतात. कोणी आदराने चहा देतात आणि उत्तरे मात्र निम्म्याने कमी करून सांगतात. बेळगाव-खानापूर भागातील आपली ख्रिस्ती शेतकरी घरेही याला अपवाद नाहीत.

या वागण्याने सरकारची जिरली असे आपल्याला वाटते. माझे मत उलट आहे. यात नुकसान होते ते आपल्यासारख्याच दुसऱ्या घरांचे. सर्वेक्षणाला खरी माहिती देणे हा शेजारधर्म आहे, आणि तो आपण पाळला पाहिजे.

दारी येणारे तीन प्रकारचे लोक

प्रथम हे ध्यानात घ्यावे की दारी येणारा प्रत्येक सरकारी माणूस एकाच कामासाठी येत नाही.

पहिला येतो शिरगणतीचा, म्हणजे जनगणनेचा. तो प्रत्येक घरी जातो. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची पुढे ढकलली गेली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरवण्यात आला. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

दुसरा येतो नमुना सर्वेक्षणाचा. प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. घरखर्च, शेतीचे उत्पन्न, कर्ज, रोजगार, आजारपण यांची माहिती ते आजवर गोळा करीत आले आहे. हा माणूस सगळ्या घरी जात नाही, निवडलेल्या थोड्या घरी जातो. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणे अशी माहिती केवळ सांख्यिकीच्या कामासाठी वापरायची असते. अहवालात तुमचे नाव येत नाही. येते ती सरासरी.

तिसरा येतो लाभार्थी तपासायला. रेशनकार्ड कोणाचे ठेवायचे, घरकुल कोणाला द्यायचे, हे तो पाहतो. २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणती याच जातीची होती. तिच्यातील घराघराची माहिती लाभ देण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी वापरता येईल, असे तेव्हाच सांगितले होते, आणि पुढे घरकुलाच्या व आरोग्य विम्याच्या यादीला तिचाच आधार घेतला गेला.

आपल्या लोकांच्या मनातली भीती या तिसऱ्या माणसाची आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. पण त्याच्यामुळे आपण दुसऱ्याला दार लावतो, ही चूक आहे. म्हणून माणूस आला की आधी विचारावे, "तुम्ही कोणत्या खात्याचे, हे काम कोणत्या सर्वेक्षणाचे, आणि आमच्या नावाचे पुढे काय होणार?" हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्याने त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे.

शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहायला आपल्या आयाबहिणी पातेले उपडे करीत नाहीत. दोन शिते बोटांत दाबून पाहतात. नमुना सर्वेक्षण म्हणजे हेच काम. गावे आणि घरे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली जातात. आपले घर निवडले गेले ते कोणी चहाडी केली म्हणून नव्हे.

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात घरखर्चाचे जे सर्वेक्षण झाले, त्यात देशभरातून २,६१,७४६ कुटुंबांची माहिती घेतली. त्यांतील १,५५,०१४ कुटुंबे खेड्यांतली होती. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागात सुमारे १६.८ कोटी कुटुंबे होती. म्हणजे निवडलेले खेड्यातले एक घर हजारावर घरांच्या वतीने बोलत होते. त्या घराने खोटे सांगितले तर हजार घरांबद्दल खोटे लिहिले गेले.

निवडलेल्या घराची माहिती मिळाली नाही तर त्याच्या बदली दुसरे घर घेतात. वरवर पाहता काही बिघडले नाही असे वाटते. पण बंद घरे कोणाची असतात? मजुरीसाठी गोव्याला गेलेल्यांची, ऊसतोडीला बाहेर पडलेल्यांची, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांची. त्यांच्या जागी घरी सापडणारे बऱ्या परिस्थितीतले घर आले की कागदावर गाव सुखी दिसू लागते. म्हणून असे घर निवडले गेले असेल तर शेजाऱ्याने एवढे तरी करावे, की ते लोक केव्हा परत येतात ते सांगावे आणि त्यांना निरोप पोचवावा. त्यांच्या वतीने स्वतः उत्तरे मात्र देऊ नयेत.

उत्तरांतून काय निघाले

"एवढे सांगून निघते काय?" असा प्रश्न येतो. काय निघाले याची तीन उदाहरणे देतो.

पहिले शेतीचे. २०१९ साली शेतकरी कुटुंबांच्या स्थितीचे सर्वेक्षण झाले. जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यांतील पिकांचे ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये. २०१२-१३ साली हेच आकडे पिकांचे ३,०८१ आणि मजुरी-पगाराचे २,०७१ असे होते. सहा वर्षांत पारडे फिरले. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला पिकापेक्षा मजुरीतून जास्त मिळू लागले. शिवारात हे आपल्याला केव्हाच कळले होते, पण दिल्लीत ते पटवायला आकडा लागला. तो आकडा ज्या घरांनी बसून खरी उत्तरे दिली त्यांच्यामुळे मिळाला. त्याच सर्वेक्षणात शेतकरी कुटुंबांपैकी ५०.२ टक्के कर्जात असल्याचे आणि कुटुंबामागे सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये असल्याचेही दिसले.

आणखी एक गोष्ट पाहा. वरच्या १०,२१८ रुपयांत फक्त हातचा रोख खर्च वजा केला आहे. घरच्या माणसांची मेहनत, घरचे बियाणे, घरचे शेणखत यांचीही किंमत धरली तेव्हा हेच उत्पन्न ८,३३७ रुपयांवर आले. घरच्या कष्टाला मोल आहे, हे आकड्याने दाखवले. हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोगही निवडक शेतकऱ्यांकडून घेतलेल्या लागवड-खर्चाच्या नोंदींवर अवलंबून असतो. ही नोंद ठेवण्याची योजना १९७०-७१ पासूनची आहे. तिथे शेतकऱ्याने "घरच्याच माणसांनी केले, त्याला कसला खर्च," असे म्हटले तर खर्च कमी दिसतो, आणि भावाचे गणित तिथेच चुकते.

दुसरे उदाहरण रेशनचे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य देण्याचे ठरले. पण प्रत्येक राज्याच्या वाट्याला किती टक्के लोक, हे २०११-१२ च्या घरखर्च सर्वेक्षणावरून काढले, आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली. म्हणजे त्या वर्षी काही घरांनी अंगणात बसून तेलाचे आणि डाळीचे जे सांगितले, त्यावर पुढे वर्षानुवर्षे धान्याचा वाटा ठरला.

तिसरे आरोग्याचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी झाली. तेव्हा १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांखालील मुलांपैकी ६७.१ टक्के रक्तक्षयाने पीडित असल्याचे दिसले. चार-पाच वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.१ आणि ५८.६ टक्के होते. रोग वाढतो आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. अशक्त बाई कामाला जातच राहते, आणि घरचे म्हणतात, "तिला थकवा येतो, एवढेच."

खोटी गरिबी

काहीजण म्हणतील, "मग कमी सांगितलेलेच बरे. गरीब दिसलो तर गावाला चार पैसे जास्त मिळतील." हा हिशेब चातुर्याचा वाटतो, पण तो खरा नाही. नमुना सर्वेक्षणात कमी सांगून त्या घराला एक पैसाही मिळत नाही, कारण तिथे नावावर काही मिळतच नाही. उलट ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याने स्वतःला मजुराइतके गरीब लिहून घेतले, तर मालक आणि मजूर कागदावर सारखे होतात. ज्याच्याकडे खरोखर काही नाही तो त्या गर्दीत दिसेनासा होतो. खोटी गरिबी सांगणे म्हणजे खऱ्या गरिबाची जागा अडवणे होय. दहा आज्ञांत खोटी साक्ष देण्याची मनाई आहे, आणि ही साक्ष तर हजार घरांच्या वतीने द्यायची असते.

घरगुती उत्पन्न मोजण्याचे प्रयत्न आपल्या देशात पूर्वीही झाले. पण लोकांनी सांगितलेले उत्पन्न हे खर्च आणि शिल्लक यांच्या बेरजेपेक्षा कमी भरू लागले, म्हणून ते काम पुढे गेले नाही. २०२६ मध्ये केवळ घरगुती उत्पन्नाचे देशव्यापी सर्वेक्षण घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. अशा कामात आपण पुन्हा तेच केले, तर शेतकऱ्याच्या मिळकतीबद्दल दुसरेच कोणीतरी अंदाज बांधतील.

आपण थोडे, म्हणून

"आमचा धर्म कशाला लिहून घेता?" ही शंका आपल्या लोकांत विशेष आहे, आणि आजच्या दिवसांत ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकात मागासवर्ग आयोगाचे सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले. तेव्हा उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितले की माहिती देणे ऐच्छिक आहे आणि मिळालेली माहिती गुप्त राखली पाहिजे. अशा ऐच्छिक सर्वेक्षणात एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसेल तर तसे शांतपणे सांगावे. तो आपला हक्क आहे. पण एका प्रश्नासाठी सगळे दारच लावून घेणे वेगळे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे कर्नाटकात ख्रिस्ती लोक शंभरात दोनही भरत नाहीत. त्यांतही शेतकरी थोडे. निवडलेल्या घरांत आपली घरे मोजकीच येणार. मोठ्या समाजातल्या दहा घरांनी दार लावले तरी त्यांचे चित्र फारसे बिघडत नाही. आपल्या दोन घरांनी लावले तर ख्रिस्ती शेतकरी कसा जगतो हे कागदावर उरतच नाही. मग शहरातील शाळा-इस्पितळे पाहून लोक म्हणतात, "ख्रिश्चनांचे काय, ते सगळे सुस्थितीत आहेत." हे खोडून काढायला आपल्या हातात काय असते?

सरकारचीही जबाबदारी

सगळा दोष लोकांचा असे मी म्हणत नाही. २०१७-१८ साली घरखर्चाचे सर्वेक्षण झाले, लोकांनी वेळ दिला, आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. त्यामुळे २०११-१२ नंतरचे अधिकृत आकडे मिळायला दशकाहून अधिक काळ गेला. जनगणनाही वेळेवर झाली नाही, आणि २०११ नंतर जन्मलेली मुले धान्याच्या त्या मूळ मोजणीत नाहीत. ज्याने माहिती दिली त्याला तिचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार आहे. मात्र ज्याने दारच लावले त्याला हे विचारायला तोंड राहत नाही.

घरच्या बाईला बोलू द्या

एक गोष्ट पुरुषांसाठी. घरात तेल किती दिवस पुरते, मुलाच्या तापाला किती गेले, हे बाईला ठाऊक असते. उत्तर मात्र ओट्यावर बसून पुरुष देतो. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट सांगताना संत मत्तय स्त्रिया व मुले वेगळी ठेवून पुरुषांचाच आकडा देतो. आपल्या गावात ती पद्धत अजून चालू आहे. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे निघाले. असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे भरली. लावणी, भांगलण, धार काढणे, रताळी काढणे यांत घरच्या बाईचा हात असतो, आणि "ती काय करते?" या प्रश्नाला "काही नाही, घरीच असते" असे उत्तर दिले जाते. हे उत्तर यापुढे कोणी देऊ नये.

काय करावे

माणूस आला की ओळखपत्र पाहावे, खात्याचे नाव विचारावे. शंका आल्यास ग्रामपंचायतीत चौकशी करावी. ओटीपी, एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड कोणत्याही सर्वेक्षणाला लागत नाही. जो मागेल त्याला वाटेला लावावे.

घरखर्चाच्या सर्वेक्षणात भाजी, तेल, अंडी, मासळी, मटण यांचा मागील सात दिवसांचा हिशेब विचारतात. तांदूळ, साखर यांचा तीस दिवसांचा, आणि कपडे, शिक्षण, इस्पितळात राहण्याचा खर्च यांचा वर्षाचा. म्हणून शाळेच्या फीच्या पावत्या आणि इस्पितळाची बिले एका पिशवीत जपून ठेवावीत. घरच्या शेतातले भात, घरचे दूध, परसातली भाजी हेही सांगावे. विकत घेतले नाही म्हणून ते खाल्ले नाही असे होत नाही. रेशनवर फुकट मिळालेले धान्य वेगळे सांगावे. भाषेची अडचण असेल तर मराठीत किंवा कोकणीत सावकाश सांगावे आणि काय लिहिले ते वाचून दाखवायला लावावे. ही माहिती घ्यायला त्याला पुन्हा यावे लागेल. सुगीचे दिवस असतील तर सोयीची वेळ ठरवून द्यावी, पण टाळू नये.

धर्मग्रामाने यात थोडी मदत करावी. गावात सर्वेक्षण चालू असल्याची खात्री झाल्यावर रविवारच्या मिस्सेनंतर तशी सूचना द्यावी. महिला मंडळाने एका बैठकीत हा विषय घ्यावा. शिकलेल्या तरुणांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे.

मोजणीची भीती जुनी आहे. दाविद राजाने केलेली शिरगणती देवाला आवडली नव्हती, आणि औगुस्त कैसराच्या नावनोंदणीसाठी योसेफाला गरोदर मरियेसह बेथलेहेमची वाट धरावी लागली होती. राजे करासाठी आणि फौजेसाठी माणसे मोजत असत. पण प्रभू येशूनेही एकदा मोजायला लावले. लोक भुकेले होते, तेव्हा त्याने शिष्यांना भाकरी किती आहेत ते पाहून यायला सांगितले. पाच भाकरी आणि दोन मासे असल्याचे त्यांनी येऊन सांगितले. थोडे आहे म्हणून कोणी लपवले नाही आणि लाजेने कोणी वाढवूनही सांगितले नाही. वाटप त्यानंतर झाले. आपल्या घरात जे आहे आणि जे नाही, ते तसेच सांगावे.